वेल आभाळाला, शेंग एक नाही: घरात जपलेल्या बियांची गोष्ट, सोप्या भाषेत

मागच्या वर्षी जुलैत माझ्या वाफ्यातला घेवड्याचा वेल बांबूच्या टोकाला पोचला, तिथे काही मिळालं नाही म्हणून परत खाली लोंबायला लागला आणि एवढं होऊनही त्याच्यावर एक फूल नव्हतं. पानं मात्र अशी हिरवीगार की बाकीचे वाफेवाले येऊन फोटो काढून जायचे.

आम्ही अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो. इथे कम्युनिटी गार्डनमध्ये वर्षाचे पैसे भरून छोटा वाफा मिळतो. माझ्या शेजारचा वाफा एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशाच्या एका आजींचा आहे. वॉशिंग्टनच्या आसपास साल्वादोरची माणसं भरपूर आहेत त्यामुळे यात नवल नाही, नवल हे की माझं मोडकं स्पॅनिश आणि त्यांचं मोडकं इंग्लिश यावर आमची चार वर्षं छान चाललीयेत. त्यांनी मला मे महिन्यात दोन पुड्या दिल्या होत्या, एकात बारीक लाल घेवड्याचं बी आणि एकात टोमॅटोचं. घेवडा त्यांच्या माहेरच्या गावचा, तिथून भाचीने नुकताच दिलेला. टोमॅटो त्यांच्या आईपासून घरात चालत आलेला.

टोमॅटो धो धो लागले. घेवडा फुलेना. आणि चिडचीड कशाची, तर तोच घेवडा, तेच वाण, आजींच्या वाफ्यात ऑगस्टमध्ये शेंगांनी लगडलेला! दोघींचं पाणी एका नळाचं, कंपोस्ट एकाच ढिगाचं. मग गडबड कुठे?

हे शोधताना बियाण्याबद्दल इतकं काही कळलं की आता राहवत नाही. तशीही देशी बियाणं, हायब्रीड, जीएम असे शब्द फॅमिली ग्रुपवर रोज कुणीतरी एकमेकांत कालवून टाकतच असतं.

आधी शब्द नीट लावून घेऊ

साल्वादोर-ग्वाटेमालात घरच्या जुन्या वाणाला 'क्रिओयो' म्हणतात. आपल्याला याचं भाषांतर शोधायलाच नको, ते म्हणजे आपलं 'गावरान'. गावरान कोंबडी, गावरान लसूण, तसं क्रिओयो टोमॅटो. (गंमत म्हणजे साल्वादोरमध्ये गावरान कोंबडीला 'गायिना इंदिया' म्हणतात आणि तिचं सूप फेमस आहे. मी पहिल्यांदा मेनूकार्डवर वाचलं तेव्हा मला वाटलं आपली बटर चिकन वगैरे असेल.) अमेरिकेत याच अर्थाने 'हेअरलूम' शब्द चालतो, म्हणजे आजीच्या पाटल्यांसारखं वारसाने आलेलं बी.

हायब्रीड म्हणजे दोन वेगवेगळ्या पक्क्या वाणांचा मुद्दाम घडवून आणलेला संकर. पहिल्या पिढीत सगळी झाडं एकसारखी आणि जोमदार येतात. पण त्याच झाडांचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं की पत्ते पिसल्यासारखं होतं. दोन्ही आईबापांचे गुण कसेही वाटले जातात, कुठे लांबट फळ, कुठे गोल, कुठे काहीच धड नाही. बी उगवतच नाही हा गैरसमज आहे, उगवतं की, फक्त काय उगवेल याची खात्री नाही. गावरान बियाणं मात्र आईसारखंच पोर देतं, म्हणून ते घरात धरता येतं.

जीएम हा तिसराच प्रकार, त्यात प्रयोगशाळेत एखादा गुण बाहेरून आत बसवलेला असतो. भारतात शेतकऱ्याच्या शेतात कायदेशीरपणे पोचलेलं असं पीक म्हणजे २००२ पासूनचा बीटी कापूस. तुमच्या मंडईतला टोमॅटो बहुतेक हायब्रीड असतो पण जीएम नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी ग्रुपवरचे निम्मे फॉरवर्ड गळून पडतील.

हा घेवडा नक्की कोण?

राजमा, श्रावण घेवडा उर्फ फरसबी, तो काळा छोटा ब्लॅक बीन, सगळे एकाच जातीचे भाऊबंद. हिरव्या शेंगा खाल्ल्या की फरसबी आणि वाळवून दाणे काढले की राजमा. वाल-पावटा मात्र वेगळी जात आहे, ते यात धरू नका.

हे पीक माणसाने दोनदा, दोन ठिकाणी रानातून घरात आणलं, एकदा मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या पट्ट्यात आणि एकदा खाली अँडीज पर्वतात, हजारो वर्षांपूर्वी. मोठ्या दाण्याचे राजमे बहुतेक अँडीजकडचे आणि बारीक दाण्याचे काळे-लाल मध्य अमेरिकेकडचे. त्यातही प्रत्येक देशाचा हट्ट वेगळा. ग्वाटेमालात काळा घेवडा म्हणजेच घेवडा, साल्वादोर आणि होंडुरासमध्ये बारीक लालला मान. भात आणि घेवडा एकत्र परतला की साल्वादोरमध्ये त्याला 'कासामिएंतो' म्हणतात, म्हणजे चक्क 'लग्न'.

टोमॅटोचं मूळ रानटी गोत्र इक्वाडोर-पेरूकडचं, पण आज आपण ओळखतो तसं मोठं फळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडे येईपर्यंत घडलं, आणि नावसुद्धा तिकडच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलंय.

घेवडा घड्याळ बघतो

आता माझ्या वेलाकडे येऊ. सगळ्यांनी सांगितलं खत जास्त झालं असेल. हे कारण खरं असू शकतं, नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात. पण मग आजींच्या वेलाचंही तेच व्हायला हवं होतं.

खरं कारण दिवसाची लांबी. काही झाडं रात्र किती लांब आहे हे मोजतात. पानांत एक रंगद्रव्य असतं, उजेडात त्याचं एक रूप आणि अंधारात हळूहळू दुसरं, त्यावरून झाडाला कळतं की रात्र मोठी व्हायला लागली, आता फुलायला हरकत नाही. हे काही परकं नाही. गावाकडे जुनी तूर जूनमध्ये पेरतात आणि ती फुलते कधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरला. जुना पावटा कितीही लवकर लावा, थंडीची चाहूल लागल्याशिवाय फुलत नाही. शेवंतीवाले रात्री शेतात बल्ब लावतात ते याचसाठी, शेवंतीला वाटावं अजून दिवस मोठाच आहे आणि फूल लांबावं.

आता साल्वादोरचं शेत डोळ्यासमोर आणा. पाऊस मे महिन्यात सुरू होतो, तेव्हा मका पेरतात. जुलै-ऑगस्टच्या सुमारास मध्येच पाऊस दडी मारतो, त्याला तिकडे 'कानिकुला' म्हणतात. ऑगस्टमध्ये कणसं पक्व झाली की मक्याची ताटं अर्ध्यातून मोडून खाली वाकवतात, म्हणजे कणसात पाणी जात नाही आणि ती उभ्या शेतातच वाळतात. आणि त्याच वाकलेल्या ताटांच्या बुडाशी घेवडा टोचतात. वेलाला फुकटचा मांडव. या दुसऱ्या पेरणीचं नाव 'पोस्त्रेरा'. ऑक्टोबरमध्ये वेल फुलतो तेव्हा दिवस लहान होत आलेला असतो, आणि शेंगा वाळायच्या वेळी पाऊस संपलेला असतो. किती चपखल बसवलंय बघा, मका, वेल, पाऊस, रात्र, सगळं एकमेकांत. अशा शेतात शेकडो पिढ्या वाढलेल्या वेलाला मोठी रात्र म्हणजेच 'आता फूल' असा निरोप झाला तर नवल काय.

आणि मी काय केलं, तर तोच वेल मेरीलँडला मे महिन्यात लावला. साल्वादोरमध्ये वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा १३ तासांच्या आसपास असतो. इथे जूनमध्ये तो जवळजवळ १५ तासांचा. वेल बिचारा बघतोय की रात्र काही मोठी होत नाही, मग तो वाढत राहिला, वाढत राहिला. दिवस १३ तासांवर आला सप्टेंबरच्या सुरुवातीला. मग भराभर फुलं आली, कोवळ्या शेंगा धरल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री दहिवर गोठलं, सकाळी वेल उकडलेल्या पालकासारखा. दाणे भरलेच नव्हते.

सगळेच घेवडे असे नसतात हेही सांगायला हवं. दुकानातल्या पाकिटातली बुटकी फरसबी दिवसाच्या लांबीकडे ढुंकूनही बघत नाही, कारण वाण तयार करणाऱ्यांनी तशीच निवडलेली असते. तो त्रास मुख्यतः उष्ण पट्ट्यातल्या जुन्या वेलांचा.

मग आजींच्या वेलाला शेंगा कशा?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. आजींना विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुला दिलेलं बी गावचं, ते नवीन आहे. माझं बी इथलं आहे.

म्हणजे वाण तेच, पण त्यांच्या बरणीतलं बी त्यांच्या आईने मेरीलँडला आल्यापासून दरवर्षी लावलेलं, सुमारे तीस वर्षं. पहिली काही वर्षं त्यांचंही माझ्यासारखंच झालं होतं. फक्त कुठेतरी दोनचार वेल जरा आधी फुलायचे आणि त्यांच्याच शेंगा वाळेपर्यंत टिकायच्या. साहजिकच पुढच्या वर्षीसाठी बी त्यांचंच. कुणी ठरवून काही केलं नाही, दहिवरानेच निवड केली.

इथे एक गोष्ट समजून घेतली की सगळं सोपं होतं. गावरान वाण म्हणजे एक बी नसतं, तो एक मेळा असतो. वरून सगळे दाणे सारखे लाल दिसले तरी आत थोडे लवकर फुलणारे, थोडे उशिरा, थोडे दुष्काळ सोसणारे, थोडे बुरशीला दाद न देणारे असे सगळे मिसळलेले. वारीतली दिंडी एक असली तरी चालणारे वेगवेगळे, तसं. जागा बदलली की त्यातले काही टिकतात, काही गळतात, आणि थोड्या वर्षांत त्या दिंडीचा चेहराच बदलतो. हायब्रीडच्या पाकिटात हे होत नाही कारण तिथे सगळे जुळे. म्हणून 'आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीचंच बी आहे, जसंच्या तसं' असं कुणी म्हणालं की मला आता जरा शंका येते. दरवर्षी लावलेलं बी जसंच्या तसं राहत नाही, आणि तीच त्यातली मजा आहे.

जसंच्या तसं ठेवायचं असेल तर बँक लागते. कोलंबियात घेवड्याच्या ३७ हजारांहून जास्त नमुन्यांची बियाणे बँक आहे, कोस्टा रिकात तुरियाल्बाला टोमॅटो-भोपळ्या-मिरच्यांचा मोठा संग्रह आहे. ते कोल्ड स्टोरेजमधलं बी आणि आजींच्या बरणीतलं बी, दोन्ही लागतं. एक फोटो आहे, दुसरं माणूस.

टोमॅटोला घड्याळाची पर्वा नाही

टोमॅटो दिवसाची लांबी बघत नाही, म्हणून तो जुलैतच लागला. त्याचं दुखणं वेगळं, रात्र फार गरम झाली की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. जुलैच्या शेवटी आमच्याकडे आठवडाभर असं झालं.

आजींचा टोमॅटो दिसायला अगदी ओबडधोबड, भोपळ्यासारख्या घड्या पडलेला, देठाजवळ खांदे हिरवेच राहिलेले. आपण बाजारात असा टोमॅटो बाजूला सारू. पण त्या हिरव्या खांद्यांची एक भारी गोष्ट आहे. फळ एकसारखं लाल व्हावं म्हणून गेली सत्तरेक वर्षं वाण तयार करणाऱ्यांनी एक ठराविक बदल निवडत आणला. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्या बदलात जो जीन बंद पडतो तोच कच्च्या फळात हिरवेपणा आणि त्याबरोबर साखर वाढवत असतो. म्हणजे रंग एकसारखा करता करता थोडी गोडी हातची गेली. बाजारचा टोमॅटो बेचव लागण्याची बाकीची कारणंही आहेत, कच्चा तोडणं, फ्रीज, लांबचा प्रवास, पण हे एक कारण आपल्याच डोळ्यांनी निवडलेलं आहे.

बी धरायचं म्हणजे करायचं काय

घेवडा सोपा. त्याचं फूल उघडायच्या आधीच आतल्या आत परागीकरण झालेलं असतं, म्हणून शेजारी दुसरं वाण असलं तरी सहसा भेसळ होत नाही. अपवाद म्हणजे ग्वाटेमालात 'पिलोय' म्हणतात तसले मोठ्या दाण्याचे घेवडे, त्यांच्यावर मधमाश्या जातात आणि संकर होतो. शेंग वेलावरच खुळखुळ वाजेपर्यंत वाळू द्यायची, मग दाणे काढून सावलीत अजून वाळवायचे. दाण्यावर दात मारला आणि खूण उमटली तर अजून ओल आहे.

वाळले की बरणीत भरून दोनचार दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे आतल्या भुंगेऱ्यांची अंडी मरतात. ओले दाणे फ्रीझरमध्ये घातले तर दाणेच मरतील, हे एका वर्षी करून बघितलंय, तुम्ही करू नका. आजी राखेत घोळवतात, आपल्या आज्याही तेच करायच्या.

टोमॅटोचं बी चिखलासारख्या गरात असतं आणि त्या गरात अंकुर थोपवून धरणारी द्रव्यं असतात, नाहीतर बी फळातच उगवलं असतं. म्हणून गर आंबवायचा. पिकलेल्या फळाचा गर वाटीत काढून झाकून ठेवला की दोनतीन दिवसांत वर पांढरी साय धरते आणि आंबट वास सुटतो. पुण्यात उन्हाळ्यात एक दिवसही पुरेल. मग भरपूर पाण्यात धुवायचं, जड बी तळाला बसतं, पोचट वर तरंगतं ते ओतून द्यायचं. बी ताटलीवर पसरून वाळवायचं, टिश्यूवर नाही, ते असं चिकटतं की पुढच्या वर्षी टिश्यूसकट पेरावं लागतं.

टोमॅटोही स्वतःच स्वतःचं परागीकरण करतो, पण काही जुन्या वाणांत फुलाच्या मधली दांडी बाहेर डोकावते आणि तिथे मधमाशी घोटाळा करू शकते. फुलं उमलायच्या आधी गुच्छावर लग्नातल्या रिटर्न गिफ्टची जाळीची पिशवी बांधली की झालं.

साठवणीचा जुना अंदाज असा की बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी केला किंवा तापमान ५ अंशांनी उतरवलं तर बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. कोकणातल्या दमट घरात बी लवकर का मेलं आणि देशावर का टिकलं याचं उत्तर यातच आहे.

"पण गावरान म्हणजे सगळंच चांगलं ना?"

नाही. पांढरी माशी आणि तिच्यातून पसरणारे व्हायरस यांनी मध्य अमेरिकेत घेवड्याचं प्रचंड नुकसान केलेलं आहे, पानं सोनेरी पिवळी पडतात आणि शेंगा वाकड्या होतात. तिथल्या संशोधकांनी त्याला तोंड देणारी सुधारित वाणं दिली म्हणून कित्येक घरांत घेवडा शिजतोय. ज्याचं पोट त्या शेतावर आहे त्याने सुधारित बी घेतलं तर त्याला नावं ठेवायचा मला, हौसेने वाफा लावणारीला, काय अधिकार? गंमत अशी की सुधारित वाणासाठी लागणारा रोगप्रतिकारक गुण शोधायला संशोधक पुन्हा जुन्या आणि रानटी घेवड्यांकडेच जातात. भुंगेऱ्यांना पुरून उरणारं एक प्रथिन असंच मेक्सिकोच्या रानटी घेवड्यात सापडलं.

"घरी बी ठेवणं गुन्हा आहे म्हणे?"

ही भीती अगदीच हवेतली नाही. ग्वाटेमालात जून २०१४ मध्ये नव्या वाणांवर कंपन्यांना हक्क देणारा कायदा संमत झाला, लोक त्याला 'मोन्सांतो कायदा' म्हणायला लागले (मोन्सांतो ही तेव्हाची बियाण्यांची बडी अमेरिकी कंपनी). शेतकरी आणि माया या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेला तो मागे घ्यावा लागला. भीती ही होती की आपल्या शेतात वाऱ्यावर येऊन मिसळलेल्या वाणावरूनही आपल्यालाच कोर्टात उभं करतील.

भारतात पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे, त्यात कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि विकायचाही हक्क आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे घेवड्या-वालांची कित्येक वाणं जपून लोकांना बी देतात ते उघडपणे, आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली.

"ताई, थोडं बी पाठव ना"

हा माझ्या धाकट्या भावाचा मेसेज. उत्तर नाही असंच दिलं. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार भारतात पेरायचं बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, अमेरिकेतही बाहेरून बी आणायला प्रमाणपत्र लागतं. आजींच्या आईने त्या काळी काय केलं हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. पण नियम उगाच नाही. घेवड्याचा मोझॅक व्हायरस बियांतूनच पुढे जातो, बी वरून टुणटुणीत दिसतं आणि आत पाहुणा बसलेला असतो.

दिवसाच्या लांबीपुरतं बोलायचं तर या वेलाला मेरीलँडपेक्षा साताराच मानवला असता, तिथला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्याही आतला. पण साताऱ्याला बाहेरून घेवडा कशाला हवा? कोरेगावचा वाघ्या घेवडा आहेच, अंगावर लाल रेघा असलेला, २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला. तोही मुळात याच अमेरिकी गोत्राचा, फक्त आता इतका आपला झालाय की त्याला परदेशी म्हटलं तर कोरेगाववाले भांडायला येतील. भावाला म्हटलं तो लाव, आणि आधी फुललेल्या वेलांना खूण कर.

मी यंदा आजींच्या बरणीतलं बी लावलं. २९ जुलैला पहिलं फूल. सगळ्यात आधी फुललेल्या पाच वेलांना लाल दोरा बांधलाय आणि घरात बजावून ठेवलंय की या शेंगा बियाला राखल्यात, हात लावायचा नाही. काल नवऱ्याने त्यातल्याच मूठभर कोवळ्या शेंगा तोडून खोबरं घालून भाजी केली. आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे पण दरवर्षी हेच व्हायचं.